जीपचं हेड आणि मायची टोळी

आमच्या जिल्ह्याचं नाव घेतलं की समोरचा माणूस अजूनही आवाज खाली आणतो. लग्नघरात कुणी विचारतं, तुम्ही कुठल्या? मी सांगते, यवतमाळकडची, घाटंजीची, आणि लगेच त्याचा चेहरा मयताला आल्यासारखा होतो. त्याचाही दोष नाही. कापसाची ती वर्षं वाईटच होती. गाड्या भरभरून शहरातली माणसं यायची, कुठल्या घरी जायचं ते चौकात विचारायची आणि आमच्या दारावरून पुढे निघून जायची. आमच्या घरी रडण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण त्यांना हवं होतं ते नव्हतं. आमच्याकडे एक जुनी जीप होती, ती बंद पडली होती, आणि त्या आठवड्यात आम्हाला दुसरं कसलंही दुःख करायला फुरसत नव्हती. त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही, म्हणून आता केस पिकल्यावर मीच सांगायला बसले आहे.

माझी माय कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम होती. म्हणजे कुणाच्या शेतात कापूस फुटला आहे, कुणाला किती बाया पाहिजेत, हे ठरवायचं काम तिचं. तिची टोळी आमच्याच वस्तीतली, विहाराच्या आजूबाजूच्या घरांतली, चार-दोन बाया पलीकडच्या तांड्यावरच्या. पूर्वी सगळ्याजणी पायीच जवळच्या शेतात जायच्या. पण जवळची पिकं बसली, पावसानं दगा दिला, अळीनं खाल्लं, आणि काम लांब लांब जाऊ लागलं, पार मुकुटबनकडे. तेव्हा बाबांनी कुठून तरी एक जीप आणली. तिचा मूळ रंग कोणता हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाबा चालवायचे, माय पुढे बसायची आणि मागे बाया, डबे, पाण्याचे कॅन, तान्ही लेकरं. मी बारावी झाले होते, पुढे कुठे नंबर लागला नव्हता, म्हणून मीही मागे. त्या गर्दीत कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत आहे हे कळायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही.

सकाळ आमच्याकडे भाकरीच्या आवाजानं व्हायची. मायचा हात चालू झाला की मला अंथरुणातच कळायचं, आता तिसरी, आता चौथी. चुलीवर आंबाडीची भाजी रटरटत असायची, ठेच्याचा खकाणा घरभर व्हायचा, आणि बाहेर बाबा जीपला शिव्या देत असायचे. थंडीत ती एका झटक्यात सुरू व्हायची नाही. मग आलेल्या बाया डबे खाली ठेवून तिला मागून ढकलायच्या, आणि आमच्या गल्लीच्या उतारावर ती खोकत खोकत जिवंत व्हायची. शेवंताबाई, टोळीतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात तिखट जिभेची बाई, रोज तेच म्हणायची, "वेचाले जातो का गाडी ढकलाले, सुभद्रे, थे एकदा सांगून टाक." माय हसायची. पदरात बांधलेली सुपारी तिच्या हातावर ठेवायची आणि विषय संपायचा.

आता बाबांच्या हळदीची गोष्ट. माझ्या बाबांना कुणी काही जुगाड सांगितला की तो करून पाहिल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. रेडिएटरला बारीक भोक पडलं होतं, पाणी ठिबकायचं. बसस्टँडवर कुणीतरी सांगितलं की पाण्यात चिमूटभर हळद टाकली की भोक बुजतं. हे खोटं नाही, पुढे मी दुसऱ्या ड्रायव्हरांकडूनही ऐकलं. पण चिमूटभर हे माप बाबांना आयुष्यात कधी जमलं नाही. त्यांनी मायनं वर्षभरासाठी कांडून ठेवलेल्या हळदीचा डबा उचलला आणि त्यात होती नव्हती ती सगळी रेडिएटरमध्ये ओतली. भोक बुजलं. बाबा आठ दिवस वस्तीत छाती काढून फिरले. मायला हळदीचा डबा रिकामा सापडला तेव्हा तिनं काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण हळदीला काही कुणी सांगितलं नव्हतं की फक्त भोकातच बस. तिनं आतल्या साऱ्या बारीक नळ्यांमध्ये बैठक मारली. दिवाळीच्या तोंडावर आम्ही वेचणी आटपून परत येत होतो. चढावर जीपनं मान टाकली आणि बोनेटच्या फटींतून पिवळी वाफ निघाली. सगळ्या रस्त्यावर फोडणी दिल्यासारखा वास. बाया नाकाला पदर लावून खाली उतरल्या. शेवंताबाई गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "भाऊ, वरण शिजलं वाट्टे. मीठ टाकलं का नाई?" सगळ्या हसल्या, बाबाही हसले. मग बाबांनी इंजिनातलं ऑइल बघायची पट्टी ओढून बाहेर काढली. तिच्यावर ऑइल नव्हतं, दुधाच्या चहासारखं काहीतरी होतं. बाबांचं हसू गेलं. दुसऱ्या एका गाडीच्या मागे दोर बांधून जीप घाटंजीत आणली आणि अजीजचाचांच्या टपरीसमोर सोडली.

अजीजचाचा म्हणजे बसस्टँडमागचे मेकॅनिक. बोलायचे अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी, आणि जास्त वेळ काहीच नाही. त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते खोलून बाहेर काढलं. हेड आणि खालचा इंजिनाचा ठोकळा यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असतं. त्याच्यामुळे पाणी पाण्याच्या वाटेनं आणि ऑइल ऑइलच्या वाटेनं जातं. ते पॅकिंग एका जागी जळून काळं झालं होतं. चाचांनी हेड उलटं ठेवलं, त्याच्या सपाट बाजूवर स्टीलची पट्टी आडवी उभी धरली आणि मला म्हणाले, "बेटी, झुक के देख. पट्टीखालून उजेड येऊन राह्यला का?" मी वाकून पाहिलं. मध्ये बारीक उजेडाची रेघ होती. उष्णतेनं हेड वाकलं होतं. नवं पॅकिंग टाकलं तरी ते पुन्हा जळणार. हेडाचा तळ घासून पुन्हा सपाट करावा लागणार होता, आणि ते काम यवतमाळच्या मशीनवर व्हायचं. मशीनचं दुकान दिवाळीसाठी बंद, मालक बायकोच्या माहेरी गेलेला. कधी येणार, कुणाला माहीत नाही.

इथं मला टेम्पोवाल्या मुकादमाबद्दल सांगायला हवं. तो पलीकडच्या वस्तीतला, त्याच्याकडे मोठा टेम्पो, आणि मायच्या टोळीवर त्याचा केव्हापासून डोळा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. कुणाला पाच मिनिटं उशीर झाला की तो निघून जायचा, आणि तान्ही लेकरं त्याला गाडीत चालायची नाहीत. माय थांबायची. लेकराला पाजून यायचं असेल तर माय इंजिन बंद करायला लावायची, मग पुन्हा ढकलावं लागलं तरी चालेल. पण थांबायला गाडी तर हवी. मुकुटबनकडच्या रेड्डीकाकांचा कापूस झाडावर फुटून लोंबत होता, सोमवारपासून वेचणीचा शब्द मायनं दिला होता. सोमवारी टोळी पोचली नाही तर ते टेम्पोवाल्याला बोलावणार, आणि मागे बसायला जागा दिसली की आमच्या बाया त्याच्या टेम्पोत चढणार. त्यांना घरी बसून कसं भागणार? एकदा चढलेल्या बाया परत येत नाहीत. मायनं आयुष्यात कमावलेलं तेवढंच होतं, ती टोळी. त्या संध्याकाळी ती चुलीपुढे नुसती बसून होती. भाकऱ्या मी थापल्या, त्या जाड झाल्या, आणि तिनं काही म्हटलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजीजचाचा स्वतः आमच्या घरी आले. ओसरीवर बसून चहा घेतला आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "भाभी, एक रास्ता हाये. हमारे उस्ताद पहिले हातानं घासत. जाड काच पाह्यजे, एकदम सपाट. तिच्यावर घासाचा पाणीपेपर टाकाचा, डिझेल शिंपडाचं आन हेड त्याच्यावर फिरवाचं. पन दिवस जाते. माह्ये पोट्टे दिवाळीले गावाले गेले, आन माह्या खांदा आता कामाचा नाई."

"आमी करतो," माय म्हणाली. विचार करायला एक घोटही घेतला नाही तिनं.

जाड काच बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात मिळाली. तिथल्या चौकीदाराच्या सुनेला माय ओळखत होती. मुनीमजींच्या टेबलावरची काच, कितीक वर्षांत तिच्यावर कुणी कागद ठेवला नव्हता. चाचांनी ती आमच्याच ओसरीवर मांडायला सांगितली, कारण त्यांच्या टपरीत धूळ, आणि वाळूचा एक कण पेपरखाली गेला तर हेडावर ओरखडा. आमची ओसरी शेणानं सारवलेली, गुळगुळीत. घरात पांढऱ्या लुगड्यांसाठी नीळ होती. ती थोड्या तेलात कालवून चाचांनी हेडाच्या तळाला फासली. म्हणाले, घासल्यावर निळा जाईल ती जागा उंच, राहील ती खोल. सगळा निळा एकसारखा गेला की समजायचं, सपाट झालं. बाबा लगेच बाह्या सरसावून पुढे आले, तर चाचा म्हणाले, "भाऊ, तू नई. तू जाऊन रेडिएटर साफ कर. हळद तू टाकली, तूच काढ."

बाया गाडीची चौकशी करायला आल्या होत्या, त्या बसल्याच. हेड चांगलं जड होतं. पहिल्यांदा शेवंताबाई बसली, मग मी, मग कमळा, मग तांड्यावरची सोनाबाई. काचेवरून हेड पुढे जायचं, मागे यायचं, सर्र सर्र असा आवाज, आणि डिझेलमध्ये करड्या रंगाची पेस्ट जमायची. कापसाच्या बोंडांनी चिरलेल्या बोटांना डिझेल लागून आग व्हायची. पण कुणी उठत नव्हतं. सोनाबाई गोरबोलीत, तांड्यावरच्या बंजारा भाषेत, काहीतरी गुणगुणू लागली, त्याचा अर्थ आम्हाला कळत नव्हता, पण ताल कामाला बरोबर बसला. दुपारी आंबाडी-भाकरी तिथंच खाल्ली. हात चारदा धुतले तरी भाकरीला डिझेलचा वास. मला तो वास अजून कुठे आला की भूक लागते, हे माझ्या लेकाला सांगितलं तर तो हसतो.

उन्हं कलली तेव्हा चाचा पट्टी घेऊन आले. पट्टी ठेवली, वाकले, पुन्हा ठेवली, पुन्हा वाकले. मध्ये आता उजेड नव्हता. पण एका लांब कडेला होता, आणि सकाळी तिथं तो नव्हता. ते बराच वेळ हेडाकडे नाही, आमच्या बसण्याच्या जागेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमी सगळ्या इकडूनच बसल्या का? एकाच बाजूनं?"

"हाव. काहून?" शेवंताबाई म्हणाली.

"घासून दाखवा."

शेवंताबाईनं घासून दाखवलं. पुढे लोटताना अंगाचा सगळा भार, मागे ओढताना हात हलका. मी लगेच ओळखलं, कारण मीही तसंच केलं होतं. आम्ही सगळ्या जन्मभर पाट्यावर मिरची वाटत आलो होतो. पाट्याला असाच हात लागतो, लोटताना जोर, ओढताना मोकळा. आमच्या हातांनी हेडाची चटणी वाटली होती, आणि पुढची कड झिजून खाली गेली होती. चाचांनी कपाळ पुसलं. "अजून घासता येईल. थोडंच. एकदा आन चुकलं तर हेड जास्तच पातळ होईन, मग वॉल्व्ह पिस्टनले लागते. मग भंगारात."

शेवंताबाईसारखी बाई आपल्या हातांकडे बघत बसली. "आमचे हातच तसे हायेत," ती म्हणाली. "आता या वयात कोठून दुसरे आनू?"

माय आतापर्यंत घासायला बसली नव्हती. ती चुलीपाशी, बायांसाठी भाकऱ्या थापत होती. ती उठून बाहेर आली. हाताला पीठ तसंच. काचेसमोर बसली आणि हेडावर दोन्ही हात नुसते ठेवले. "पाट्याचा हात नोका लावू," ती म्हणाली. "भाकरीचा लावा. भाकरी थापतांनी कोनी जोर लावते का? एका कडेले दाबली तं फाटते. आपून तिले फिरवतो ना, आन हात गोल जाते. वजन तिचं तिलेच हाये, आपून फक्त फिरवाचं." आणि तिनं हेड गोल फिरवायला सुरुवात केली. चार घेर झाले की थोडं वळवायची, पुन्हा चार घेर, पुन्हा वळवायची. जोर अजिबात नाही. आवाजही बदलला, सर्र सर्र जाऊन एक लांब, सारखी घरघर. चाचा बसून बघत राहिले. मग खिशातून विडी काढली आणि पेटवायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही काचेच्या चारही बाजूंना बसलो. चार घेर झाले की हेड सरकत पुढच्या बाईकडे. एखादीचा हात चुकून पाट्यावर गेला की बाकीच्या तिला लगेच टोकायच्या, "मिरची वाटून राह्यली व," आणि ती जीभ चावायची. नीळ तीनदा लावली. तिसऱ्यांदा ती एका सरीनं गेली, कुठे ठिपका म्हणून उरला नाही. चाचांनी पट्टी आडवी धरली, तिरपी धरली, उलट तिरपी धरली. मी वाकले, बाबा वाकले, शेवंताबाई गुडघे धरून वाकली. पट्टीखाली अंधार होता. त्या अंधाराचा मला जितका आनंद झाला तितका पुढे माझ्या लग्नातही झाला नाही. नवरा हे वाचणार नाही, म्हणून लिहिते.

हेड बसवणं बाकी होतं, त्यासाठी जीप टपरीवरून ढकलत आमच्या दारात आणली. बाबांनी यवतमाळहून नवं पॅकिंग आणलं होतं, रेडिएटरच्या नळ्या बारीक तारेनं एकेक कोरून काढल्या होत्या. त्यांची बोटं महिनाभर पिवळी राहिली. चाचांनी बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला कसले, थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्यांनी. सोमवारी सकाळी उजाडलं तेव्हा शेवटचा फेरा बाकी होता आणि जीप आमच्या दारात उभी होती. बाया डबे घेऊन आल्या. इंजिन एकदाही चालवून पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो येऊन थांबला. मुकादम खाली उतरला नाही, खिडकीतूनच म्हणाला, "चला व बायहो. रेड्डीचा निरोप आला, उशीर नोका करू. थे गाडी काई चालत नाई." मायनं त्याच्याकडे पाहिलं, मग बायांकडे. मी तिचा चेहरा पाहत होते. ती एका शब्दानंही त्यांना थांबा म्हणाली नाही. म्हणता आलं असतं, पण तिला ते पटत नव्हतं. उलट म्हणाली, "ज्याले जाचं हाये त्यानं जा व. लेकराबाळाचं पाहा. मले राग नाई." आणि ती मान खाली घालून दोरी गुंडाळू लागली. त्या दोरीचं काहीच काम नव्हतं.

बाया जागच्या हलल्या नाहीत. सोनाबाईनं आपलं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं, एवढंच. शेवंताबाई आमच्या ओट्यावर बसली, पाय पसरले आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "तू जा, बावा. आमी घासली तिले. चालते का नाई थे पाह्यल्याबिगर आमी उठत नाई." टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला.

चाचांनी शेवटचा बोल्ट कसला. बाबांनी चावी फिरवली. जीप खोकली, थांबली. सवयीनं सगळ्या बाया उठून मागे गेल्या, हात लावायला. पण बाबांनी पुन्हा चावी फिरवली आणि ती सुरू झाली, ढकलण्याआधी. आवाज असा साफ की बाबांनी आधी घाबरून आमच्याकडे पाहिलं. धूर पांढरा नव्हता, म्हणजे पाणी आत जात नव्हतं. चाचांनी तिला तापू दिलं, थंड होऊ दिलं, बोल्ट पुन्हा एकदा कसले आणि म्हणाले, "जाव. पहिला चढ हळू घेजा."

पहिल्या चढावर मागे बसलेल्या, पुढे बसलेल्या, सगळ्यांची नजर बाबांच्या खांद्यावरून इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या त्या एका काट्यावर. काटा निम्म्यावर आला आणि तिथंच राहिला. चढ संपला. मग सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली, आणि काय बोलल्या त्यातलं मला एक अक्षरही आठवत नाही.

आम्ही उशिराच पोचलो. रेड्डीकाका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे होते. टेम्पो धुऱ्यापाशी रिकामाच उभा होता, आमच्या बाया मिळतील या भरवशावर त्यानं दुसऱ्या बाया घेतल्याच नव्हत्या. काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्या काळ्या पडलेल्या हातांकडे, आणि शेताकडे बोट केलं. बाया वेचलेला कापूस टाकायच्या ओट्या कमरेला बांधून ओळींमध्ये शिरल्या. माय मात्र जीपपाशीच उभी होती. मला वाटलं तिला बरं नाही, म्हणून मी जवळ गेले. ती त्यांच्या पाठींकडे पाहत होती.

"शालू," ती म्हणाली, "मले इतकी वर्षं वाटे, या बाया गाडीसाठी येतेत."

तिनं डोळे पुसले नाहीत, तशीच ओटी कमरेला बांधली, आणि त्या दिवशी मुकादमासारखी धुऱ्यावर न थांबता शेवंताबाईच्या शेजारची ओळ धरली.